नाशिकच्या वायनरी, फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार आणि सोबत पिंपळगावची मावशी

आधी कामाचं सांगते. जायचं असेल तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा, शनिवार-रविवार टाळा, गाडी चालवायला न पिणारा माणूस घ्या आणि जमलंच तर द्राक्षबागेत वाढलेलं एखादं माणूस सोबत न्या. शेवटची अट विचित्र वाटेल पण आमची ट्रिप त्याच्यामुळेच एवढी छान झाली. ऑफिसमधल्या तिघीजणींनी विचारलं कसं होतं कसं होतं, प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि माझी मावशी. मावशीचं वय ६८, माहेर पिंपळगाव बसवंतचं, लग्न होऊन लालबागला आली आणि तेव्हापासून मुंबईतच आहे. दारूच्या थेंबालाही कधी शिवलेली नाही. तिला विचारताना मला खरं तर धाकधूक होती की वायनरी म्हटल्यावर काय म्हणेल, पण ती म्हणाली "अगं द्राक्षाच्या गावाला जायचंय ना, मग मी येणार, तुम्ही काय ते प्या, मी बाग बघेन." आणि खरंच तिने बाग बघितली, आणि आम्हाला पण बघायला लावली.

मुलुंडहून सकाळी सहाला निघालो. ड्रायव्हरसकट गाडी केली होती दोन दिवसांची, कारण दिवसभर टेस्टिंग करून घाटात स्टिअरिंग धरायचं हे डोक्यातून काढूनच टाका, एक-दोन घोटांनी काय होतं असं म्हणणारे खूप भेटतात पण तीन ठिकाणचे पाच-पाच घोट झाले की हिशोब राहत नाही. मुंबईहून नाशिक साधारण १७० किलोमीटर. भिवंडीच्या आसपास नेहमीची गर्दी लागली, शहापूरच्या पुढे रस्ता मोकळा. आता भिवंडीजवळच्या आमण्यापासून इगतपुरीपर्यंतचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून सुरू झालाय, त्यातला लांबलचक बोगदा घाट पूर्ण टाळतो, वेळ नक्की वाचतो. पण जाताना आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने कसारा घाटातून गेलो कारण मावशीला घाटनदेवीला थांबायचं होतं, माहेरी जाताना एसटी तिथून जायची तेव्हा खिडकीतूनच हात जोडायची म्हणे, या वेळी खाली उतरून शांतपणे दर्शन झालं. घाट चढलं की हवा बदलते हे मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको, गाडीची काच खाली केली की कळतंच. नाशिकचं पठार समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, दिवसा ऊन आणि रात्री थंडी, आणि द्राक्षाला नेमकं हेच लागतं, हे मला नंतर कळलं.

ट्रेनने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पंचवटी एक्सप्रेस सकाळी तिकडून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते, म्हणजे ती नाशिककरांच्या सोयीची, आपल्याला सकाळी जायचं तर तपोवन एक्सप्रेस बरी. पण नाशिक रोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूर धरणाकडच्या वायनरी दुसऱ्या टोकाला, त्यामुळे उतरल्यावर पुढची गाडी आधीच ठरवून ठेवा. कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे शेअर टॅक्सी हा पण मार्ग आहे, तरुण पोरं जातात तसं, मावशीला घेऊन मी गेले नसते.

नाशिकला पोचल्यावर मिसळ. त्यावर जास्त लिहीत नाही कारण त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल. चुलीवरची, काळ्या रश्श्याची, सोबत पापड आणि दही. एवढंच सांगते की टेस्टिंगच्या आधी तर्री जपून घ्या, तिखटाने जीभ भाजलेली असली की पुढचे दोन तास कुठलीच वाईन कळत नाही, माझ्या नवऱ्याचं तेच झालं आणि पहिले दोन ग्लास त्याच्यासाठी वाया गेले.

मग गंगापूर रोडने धरणाच्या दिशेला. गोदावरीवरचं हे मातीचं धरण, नाशिक शहर याच्याच पाण्यावर जगतं, आणि त्याच्या जलाशयाच्या बाजूने उतारावर द्राक्षाचे मळे, मागे सपाट माथ्याचे डोंगर, तेच आपले सह्याद्रीचे, फक्त इकडे ते ऐसपैस पसरलेत. फेब्रुवारीत डोंगर पिवळे पडलेले असतात आणि खाली बागा हिरव्यागार, तो रंगांचा फरक फोटोत येत नाही. सोमेश्वरचं देऊळ वाटेतच आहे, तिथला धबधबा पावसाळ्यात बघायचा, आत्ता पाणी नव्हतंच फारसं.

पहिलं ठिकाण सुला. सगळ्यांना माहीत असलेलं नाव, त्यामुळे मला वाटलं होतं की नुसती गर्दी असेल, पण मंगळवारी सकाळी अकराला अगदी निवांत होतं. यांची गोष्ट थोडक्यात सांगते कारण ती ऐकून जागा जास्त आवडते. राजीव सामंत अमेरिकेत शिकून तिकडेच नोकरी करत होते, ती सोडून परत आले आणि गंगापूरजवळच्या घरच्या जमिनीवर शेती करायला लागले, आधी दुसरी पिकं करून बघितली, मग वाईनच्या द्राक्षांकडे वळले. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती इथे ९०च्या दशकाच्या शेवटी लावल्या आणि पहिली वाईन २००० साली बाजारात आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून. हे कळल्यावर मावशी एकदम खूष, "आईचं नाव दिलं म्हणजे पोरगा चांगला असणार." महाराष्ट्रात वाईन त्याच्या आधीही होत होती, नारायणगावला ८०च्या दशकातच सुरू झाली होती, पण नाशिकला टेबलवर खायच्या द्राक्षांचं राज्य होतं, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणल्यावर इथे वायनरी वाढल्या, विंचूरला तर वेगळं वाईन पार्कच झालं.

टूर सुरू व्हायला वेळ होता म्हणून आधी बागेच्या कडेने फिरलो. आणि इथून पुढे मावशीचा क्लास सुरू झाला.

आल्या आल्या म्हणाली, "या बागेला मांडव नाही." तिच्या लहानपणी भोकरी जातीची द्राक्षं होती आणि डोक्यावर पूर्ण मांडव, त्याच्याखाली सावलीत बसून ही भावंडं अभ्यास करायची. नंतर थॉमसन आली, मांडवाच्या जागी वाय आकाराचे अँगल आले. इथे मात्र वेली सरळ उभ्या तारांवर कुंपणासारख्या चढवलेल्या, घड खाली एका ओळीत आणि पानं वर. त्यामुळे घडांना हवा लागते, ऊन मोजकं लागतं, आणि तोडणाऱ्याला वाकून शोधावं लागत नाही. मग तिने घड हातात घेतला (तोडला नाही, तिथल्या माणसाला विचारून नुसता हात लावला) आणि म्हणाली, "एवढासा?" खरंच केवढासा घड, आणि मणी तर आपल्या करवंदाएवढे, काळे, एकमेकांना चिकटून बसलेले. आपण मार्केटमधून आणतो ती लांबट हिरवी द्राक्षं अशी मोठी व्हावीत म्हणून शेतकरी घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) पाण्यात बुडवतो, विरळणी करतो म्हणजे कात्रीने मधले मधले मणी काढून टाकतो, हे सगळं हाताने, एकेक घड. वाईनच्या द्राक्षाला हे काही नको असतं. त्याला मणी लहानच हवा, कारण मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, वास, तुरटपणा हे सगळं सालीत.

त्या माणसाने आम्हाला प्रत्येकी एकेक मणी खायला दिला. मला वाटलं होतं आंबट असेल. इतका गोड! गोड आणि जाड सालीचा आणि आत बिया, बी चावली की एकदम तुरट. मावशी म्हणाली "शुगर किती आली?" आणि तो माणूस पहिल्यांदा तिच्याकडे नीट वळला. द्राक्षवाले आपसात असंच विचारतात, शुगर भरली का, तिचा भाऊ खिशात साखर मोजायचं ब्रिक्स मीटर घेऊनच बागेत फिरतो. तो म्हणाला २२ ते २४ ब्रिक्सला तोडतो. खायच्या द्राक्षाला १७-१८ आली तरी माल निघतो. आता याचा वाईनशी संबंध काय तर २४ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात २४ ग्रॅम साखर असेल तर यीस्ट ती साखर खाऊन त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त एवढं टक्के अल्कोहोल बनवतं, म्हणून बाटलीवर १२-१३ टक्के लिहिलेलं असतं. मी इतकी वर्षं तो आकडा बघत होते, तो बागेतून येतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

छाटणीचं पण तिनेच सांगितलं. थंड देशात बर्फ पडला की वेल झोपते, वसंतात उठते, वर्षाला एक छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटतात. माल निघाल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात काड्या तयार होतात, पावसाळा त्यांच्यावर जातो. आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यातून घड येतात आणि चार-साडेचार महिन्यांनी तोडणी. म्हणजे युरोपात ज्या काळात बागा उघड्याबोडक्या असतात त्या काळात आपल्याकडे तोडणी चालू असते. गोडी छाटणी हा शब्दच किती गोड आहे. आणि हे सगळं करून मार्चमध्ये अवकाळी आला, गारा पडल्या की मणी तडकतात, डावणी-भुरी हे रोग तर वर्षभर मागे लागलेलेच. निफाडकडे थंडी फार पडली तर रात्री बागेत शेकोट्या पेटवून ऊब देतात. मावशी हे सांगत होती तेव्हा टूरसाठी जमलेली आणखी चार-पाच माणसं पण आमच्याभोवती येऊन उभी राहिली होती, पुण्याचं एक जोडपं, दोन बंगाली मुली, मी त्यांना हिंदीत सांगत होते.

टूर छान झाली. गाईड मुलगा नाशिकचाच, सुरुवात इंग्रजीत केली होती पण मावशीला बघून म्हणाला "आजी, मराठीत पण सांगतो," आणि खरंच दोन्हीत सांगत गेला, प्रत्येक टप्प्यावर. द्राक्षं येतात, देठ वेगळे काढतात, पांढऱ्या वाईनसाठी लगेच दाबून रस बाजूला करतात, लालसाठी रस आणि सालं एकत्रच आंबवत ठेवतात, म्हणून रंग येतो. काळ्या द्राक्षाचा पण रस आतून पांढराच असतो, तो मण्याला चिमटा काढून दाखवला त्याने. स्टीलच्या उंचच्या उंच टाक्या, बाहेरून थंड केलेल्या, कारण पांढऱ्या वाईनचं आंबणं हळू आणि थंडीत झालं तरच वास टिकतो. हात लावून बघितला तर गार. मावशीने विचारलं वरून साखर घालता का, तो म्हणाला गरज नाही आजी, आपल्या उन्हाने भरते तेवढी. मग ओकच्या पिंपांची खोली, तिथला वास मला अजून आठवतोय, ओल्या लाकडाचा आणि व्हॅनिलाचा, आणि शांतता अशी की सगळे आपोआप हळू बोलायला लागले.

मग टेस्टिंग. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी, थोडी थोडी वाईन वेगवेगळ्या ग्लासात देतात, आधी उजेडात रंग बघायचा, ग्लास फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा आणि मग एक घोट तोंडभर फिरवायचा. सगळं प्यायलाच पाहिजे असं नाही, टाकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात टाकलं तर कोणी वाईट मानत नाही. आता मला यात सांगितलेले वास नेहमी परके वाटायचे, गूजबेरी आणि ब्लॅककरंट आपण कुठे खाल्लेत. म्हणून या वेळी ठरवलं की आपल्या घरातले वास शोधायचे. सोव्हिन्यों ब्लां म्हणजे सरळ सरळ कापलेली ढोबळी मिरची आणि नुकतं कापलेलं गवत. शेनिन ब्लांला पिकलेला पेरू आणि थोडा मध. शिराझ या लाल वाईनला काळी मिरी आणि जांभूळ, जांभूळ खाऊन झाल्यावर जीभ जशी होते ना अगदी तशी. आणि टॅनिन टॅनिन म्हणतात ते म्हणजे आपला तुरटपणा, कच्च्या सुपारीचा, आवळ्याचा. आपल्या सहा चवींमध्ये तुरट ही चव आहेच की, मराठी माणसाला हे समजायला काहीच अवघड नाही, फक्त आपल्या शब्दात सांगणारं कोणी पाहिजे. मावशीने सगळ्या ग्लासांचे फक्त वास घेतले, प्यायली द्राक्षाचा रस, आणि जांभूळ तिनेच ओळखलं, मी नाही.

शेवटी लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां दिली, घड वेलीवरच जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेली, गोड वाईन. मला ती सगळ्यात आवडली. पुरणपोळीसोबत घेऊन बघणार आहे होळीला.

एका गोष्टीवर मात्र मावशीशी माझं एकमत झालं. सीझनमध्ये पर्यटकांसाठी द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रम असतो, मोठ्या टबमध्ये उतरून नाचायचं, फोटो काढायचे. त्या द्राक्षांची वाईन करत नाहीत असं सांगितलं. लोकांना मजा येते आणि त्यांच्या मजेला माझी ना नाही. पण मावशी म्हणाली "ज्याला पाणी घालताना बापाने रात्री जागवल्या त्याच्यावर मी पाय नाही ठेवणार", आणि बाजूला जाऊन बसली. मी पण नाही उतरले.

संध्याकाळी धरणाच्या बाजूला आलो. यॉर्क वायनरी जवळच आहे, लहान, २०२१ पासून तीही सुलाकडेच आहे, पण वातावरण वेगळं. सूर्य जलाशयाच्या पलीकडे डोंगरामागे जातो तेव्हा सगळं पाणी तांबूस होतं आणि मग अचानक थंडी वाजायला लागते, शाल जवळ ठेवा, मुंबईच्या फेब्रुवारीचा अंदाज इथे लावू नका. आम्ही तिथे तासभर काही न बोलता बसलो होतो. मुंबईत असं तिघांनी तासभर गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

राहायला गिरणाऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. वायनरींची स्वतःची रिसॉर्ट पण आहेत, सुंदर आहेत, पण मावशीला पिठलं-भाकरी आणि लवकर झोप हवी होती. मला हा निर्णय फार आवडला कारण पहाटे साडेपाचला मालकांनी उठवलं, "ताई, तोडणी बघायची म्हणाला होतात ना." शेजारच्या बागेत वाईनच्या द्राक्षांची तोडणी चालू होती. डोक्याला बॅटऱ्या लावून बायका ओळीने बसलेल्या, कात्रीचा टक टक आवाज, प्लॅस्टिकचे क्रेट भरत जातायत. बऱ्याच जणी पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या, हंगामभर इथेच टोळीने राहतात. पहाटे तोडायचं कारण असं की द्राक्ष गार असतं, ऊन चढलं की क्रेटमध्येच आंबायला लागतं आणि वास उडतो. एका बाईने मावशीच्या हातात कात्री दिली आणि मावशीने दोन घड असे सफाईने काढले की त्या सगळ्या हसायला लागल्या, "आजी आपल्यातलीच आहे गं." ५ रुपयांचा पण खर्च नाही या अनुभवाला, आणि दोन्ही दिवसांतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. कुठल्याही पॅकेजमध्ये मिळणार नाही, घरमालकांना आधी विचारून ठेवलं तरच जमतं, आणि कामाच्या मध्ये मध्ये फोटो काढत उभं राहू नका, त्यांची मजुरी अडते.

आता जे आवडलं नाही ते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका दुसऱ्या वायनरीत गेलो, नाव नाही लिहीत. फोनवर सांगितलं होतं बाराची टूर आहे, बुकिंग झालंय. पोचलो तर म्हणे आज टूर नाही, सरळ टेस्टिंग घ्या. बरं, घेतलं. पाच वाईन पाच मिनिटांत समोर ओतल्या, कुठली कोणती हे पण धड सांगितलं नाही, पांढरी वाईन चक्क कोमट. पांढरी वाईन कोमट दिली की ती पूर्ण मरते, तिचा आंबटपणा बोचायला लागतो आणि वास जातो, मग माणूस घरी जाऊन सांगतो की भारतीय वाईन काय खास नसते. याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण पहाटे त्या बायका थंडीत बसून जे जपत होत्या ते इथे एका फ्रिजच्या आळसाने घालवलं. जेवण सांगितल्यावर एक तास दहा मिनिटांनी आलं. आणि स्पीकर इतक्या मोठ्याने की मावशीने कानात कापूस मागितला. मी मॅनेजरशी शांतपणे बोलले, त्याने कोमट ग्लास बदलून दिले, पण बिलात काही कमी केलं नाही आणि टूरबद्दल सॉरी पण नाही. म्हणून कुठेही जाण्याआधी त्याच दिवशी सकाळी फोन करून टूर आहे ना हे परत विचारा आणि उत्तर कोणी दिलं त्याचं नाव लिहून ठेवा.

परतीच्या वाटेवर इगतपुरीच्या बाजूला वळलो. कावनईजवळ व्हॅलोने म्हणून लहान वायनरी आहे, मुकणे धरणाचं पाणी समोर दिसतं, गर्दी अजिबात नव्हती, आम्ही धरून दोन टेबलं. इथे सावकाश बसून जेवलो. नवऱ्याने लाल वाईन घेतली, मी आदल्या दिवसाचा अंदाज घेऊन फक्त एक ग्लास पांढरी, नीट गार. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मी म्हणेन नाशिक शहरापर्यंत जाऊच नका, इगतपुरीच्या आसपासच्या वायनरी करा, संजेगावला ग्रोव्हर झाम्पाची पण आहे, मुंबईपासून अंतर बरंच कमी आणि अंधार पडायच्या आत घरी. पण पहिल्यांदा जात असाल तर गंगापूर आणि एक मुक्काम.

खर्चाचं सगळ्या विचारतात. टेस्टिंग आणि टूरचे दर वारानुसार बदलतात त्यामुळे आकडा देत नाही, पण टेस्टिंग स्वतः महाग नाही, पैसे जातात ते जेवणात आणि गाडीत. तिघांचं एक दिवसाचं खाणंपिणं मॉलमधल्या सिनेमा अधिक जेवण एवढं झालं साधारण. बाटल्यांसाठी मात्र आधी ठरवून जा, मी सहा घेऊन आले, दोनच आणायच्या होत्या. काही वाईन फक्त वायनरीतच मिळतात, त्या घ्या, ज्या आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळतात त्या उगाच वाहून आणू नका. बिल जपून ठेवा. आणि बाटल्या डिकीत ठेवून दुपारी उन्हात गाडी उभी करू नका, आम्ही थर्माकोलचा डबा नेला होता आणि तो सीटच्या पायाशी ठेवला. घरी आल्यावर आडव्या, अंधारात, गॅसपासून लांब. आपल्या मुंबईच्या उकाड्यात मे महिन्यात कपाटात ठेवलेली वाईन खराब होते, त्यापेक्षा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

लहान मुलांना न्यावं का असं एकीने विचारलं. बागेत फिरायला, द्राक्षं बघायला हो, पण टेस्टिंगमध्ये त्यांना काहीच नसतं आणि ती कंटाळतात, मग आईबापांपैकी एक जण बाहेर. म्हाताऱ्या माणसांना नक्की न्या, चालणं फार नाही, टूरमध्ये काही पायऱ्या आहेत तेवढ्याच. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी डोंगर आणि धबधब्यांसाठी जावं, हिरवं सुंदर असतं, पण वेलीवर घड नसतात हे लक्षात ठेवा, नंतर नाराज होऊ नका. मे महिन्यात जाऊ नये.

येताना समृद्धीने आलो, बोगद्यातून बाहेर पडलो आणि मुंबईची दमट हवा लागली. मावशीच्या मांडीवर दोन किलो थॉमसनची पेटी होती, रस्त्यावरून घेतलेली, तिने एकेक मणी निवडून घेतलेला. मी विचारलं कशी आहे, तर म्हणाली "शुगर अजून यायचीय, आठ दिवस लवकर तोडली." ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीच्या वेळी परत जायचं ठरलंय, या वेळी पिंपळगावला मामाकडे पण, आणि गाडीत पुढची सीट मावशीची.